कुणावाचून अडत नाही

केतकीने ॲलर्जीची सर्व्हिस बंद केली, आणि काहीच झालं नाही.

भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर एक ठिपका लाल झाला. त्याच्या आजूबाजूचे हिरवे ठिपके हिरवेच राहिले. शनिवारची सकाळ, गुरुग्राममधला काचेचा मजला, आणि मुद्दाम सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलेली मोजकी माणसं. सगळी त्या ठिपक्यांकडे बघत होती. हॉस्पिटलांसाठीचं हे सॉफ्टवेअर पूर्वी एकच एक अवाढव्य प्रकरण होतं. बिलात काही बिघडलं की नोंदणी ठप्प व्हायची, एकाला पडसं झालं की सगळं घर अंथरुणात, तसं. गेल्या काही वर्षांत कंपनीने ते सुटं केलं होतं. नोंदणीची सर्व्हिस वेगळी, खाटांची वेगळी, बिलांची वेगळी. डॉक्टर औषध लिहितात ती वेगळी, आणि कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही एवढंच लक्षात ठेवणारी, ॲलर्जीची, वेगळी. त्या एकमेकींशी बोलतात, पण एकमेकींच्या अंगावर रेलत नाहीत, असं कंपनी गिऱ्हाइकांना सांगे. ते कितपत खरं आहे हे तपासणं केतकीचं काम. तिच्या धंद्यात सैल हा शब्द स्तुतीचा होता. सैलपणा मोजायची रीत सोपी होती : एक सर्व्हिस बंद करायची आणि बाकीच्यांतली कोण कण्हते ते बघायचं. सरावासाठी ठेवलेल्या नकलेवर हे सगळं करून झालं होतं. आज पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या, चालू हॉस्पिटलवर चाललं होतं. तिथल्या कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी परवानगी दिली होती. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण काही होणारच नव्हतं.

आणि खरंच काही झालं नाही. औषधांची सर्व्हिस बिनदिक्कत चालू राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सुधन्वाने छोले-कुलचे मागवले होते ते खाली आल्याचा फोन आला. सुधन्वा तिचा वरिष्ठ, मूळचा पुण्याचा, दिल्लीत इतकी वर्षं काढून यार आणि चलोशिवाय वाक्य न संपणारा. केतकी अजून स्क्रीनकडेच बघते आहे हे पाहून तो म्हणाला, की लग्नात मांडवाचे खांब हलवून बघणारी एक आत्या असते, तशी तू आहेस. मांडव पडला नाही तर हिरमुसणारी. सगळे हसले. केतकीही हसली. पण दुखऱ्या दाताला जीभ लावावी आणि तो दुखूच नये, तसं तिला झालं होतं. आराम वाटायला हवा होता. वाटत होती ती शंका, की दातच मेला की काय. तिने ग्रुपवर लिहिलं, काही पडलं नाही. मग सर्व्हिस पुन्हा चालू केली. लाल ठिपका हिरवा झाला, आणि मधल्या वेळात तो लाल होता याचं जगाला काही सोयरसुतक उरलं नाही.

कुणावाचून अडत नाही, हे वाक्य तिच्या घरीही अभिमानानेच म्हटलं जायचं. अनुराग आणि ती लग्नानंतर विसाव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये आली तेव्हा दोघांनी ठरवूनच घर तसं लावलं होतं. स्वयंपाकाच्या बाईंकडे किल्ली, किराणा मोबाइलवरून, दोघांच्या दोन गाड्या, दोघांचे दोन डबे, फ्रिजवर एक पाटी. त्यावर ज्याने त्याने आपापलं लिहावं. एक जण नसला तरी दुसऱ्याचा चहा चुकू नये. मित्रमंडळी कौतुक करायची, काय छान ॲडजस्ट केलंय यार तुम्ही. या आठवड्यात अनुराग बुधवारी चेन्नईला गेला, आणि हे केतकीला शुक्रवारी कळलं. पाटीवर लिहिलेलं होतं. त्याची काही चूक नव्हती. तिने त्याला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो मोकळेपणाने हसला. म्हणाला, ‘बघ, सिस्टिम चालते आहे.’ तीही हसली होती. मग रात्रभर एसीच्या आवाजात तिला वाटत राहिलं होतं, की बुधवारी आणि गुरुवारी आपण झोपताना पलीकडच्या खोलीकडे तोंड करून ‘दिवा बंद कर रे’ म्हणालो होतो; आणि दिवा लागलेला नव्हताच, म्हणून त्याने तो बंद केला असं आपण धरून चाललो.

बाकीचे खाऊन गेले. केतकी एकटी थांबली. शंकेला कारण असतं, फक्त ते आधी अंगाला कळतं, असं तिचा अनुभव सांगत होता. औषधांची सर्व्हिस पडली नाही हे ठीक. पण ती चालली कशाच्या जोरावर? डॉक्टर औषध लिहितात तेव्हा ती ॲलर्जीच्या सर्व्हिसला विचारते, या पेशंटला हे चालेल का. आज सकाळी विचारलं असणार. उत्तर आलं नसणार. मग? तिने औषधांच्या सर्व्हिसचा कोड उघडला आणि खाली खाली जात राहिली. ती ओळ सापडली तेव्हा तिने ती पुन्हा एकदा वाचली. ओळ अशी होती, की उत्तर आलं नाही तर रिकामी यादी धरावी.

ही ओळ कुणी वाईट हेतूने लिहिली नव्हती. उलट लिहिणाऱ्याने शहाणपणा केला होता : एकीच्या मौनाने दुसरीने खोळंबू नये, सैलपणा राहावा. पण रिकामी यादी म्हणजे या पेशंटला कसलीही ॲलर्जी नाही. ॲलर्जी असली तर औषध लिहिताना डॉक्टरांच्या स्क्रीनवर एरवी पिवळी पट्टी येते. पट्टी आली नाही म्हणजे काही नाही, हे तिथल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं. तोंडी विचारायची सवय पट्टीने कधीच मोडून टाकली होती. मग सरावाच्या नकलेवर हे कसं दिसलं नाही? केतकीने तीही उघडली. नकलेत सगळे पेशंट बनावट. कुणीतरी गमतीने त्यांना टेस्ट कुमार, टेस्ट कुमारी अशी नावं दिली होती, वयं दिली होती, रक्तगट दिले होते. ॲलर्जी कुणालाच द्यायला सुचलं नव्हतं. त्या निरोगी गावात उत्तर न येणं आणि उत्तर नाही असं येणं, यांचा चेहरा एकच होता.

तिला कॉलेजमधली फिजिक्सची लॅब आठवली, दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसची, उंच छताची, जुन्या लाकडी टेबलांवर ॲसिडचे डाग असलेली. तिने वहीत एका रकान्यात शून्य लिहिलं होतं. प्रॅक्टिकलच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मीटरची वायर उचलून दाखवली. ती जोडलेलीच नव्हती. ‘ज़ीरो पढ़ा, या ज़ीरो मान लिया?’ त्यांनी विचारलं होतं. आवाज चढवला नव्हता. बंद मीटरची सुईही शून्यावरच असते, हे केतकी त्या दिवशी शिकली. त्यावरच तर पुढची सगळी वर्षं ती पगार घेत होती.

आता उरलं होतं ते साधं होतं आणि भयंकर होतं. सर्व्हिस बंद असताना कुणाकुणाला औषधं लिहिली गेली? तिने यादी काढली. शनिवार असल्यामुळे फार नव्हती. एकेकाची खरी ॲलर्जी आता चालू झालेल्या सर्व्हिसला विचारली. काही नाही, काही नाही, धूळ, काही नाही. आणि मग एक आली. स्त्री, वय चौतीस, चौथा मजला, खाट चार-बारा. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी, पूर्वी एकदा श्वास बंद पडल्याची नोंद. सकाळी लिहिलेलं औषध : त्याच कुळातलं इंजेक्शन. पहिला डोस दुपारच्या जेवणानंतर. नियमाप्रमाणे नाव झाकलेलं होतं. केतकीने घड्याळ बघितलं. जेवणाला अवकाश होता. तिला एकदम हलकं वाटलं. वेळ होता.

वॉर्डात थेट फोन करायचा नाही असा कंपनीचा दंडक होता. पूर्वी एका इंजिनिअरने असा फोन करून कुठल्याशा डॉक्टरला घाबरवून सोडलं होतं, तेव्हापासून. जे सांगायचं ते टिकिट, म्हणजे नंबर पडणारी लेखी तक्रार, काढून. टिकिट मदत-डेस्कवर जातं, डेस्क हॉस्पिटलशी बोलतो. केतकीने टिकिट काढलं. ती नेटकी बाई होती, टिकिटही नेटकं काढलं : निकड सर्वांत वरची, खाटेचा नंबर, औषध, ॲलर्जी, डोस थांबवा. कुठून उद्भवलं या रकान्यात तिने आजच्या टेस्टचं नाव घातलं, कारण ते तिथूनच उद्भवलं होतं. लगेच उत्तर आलं, आपला निरोप मिळाला आहे, आणि खाली टिकिटाचा नंबर. सुधन्वाला तिने वेगळा मेसेज टाकला. तो शनिवारी दुपारी मुलीला पोहायला नेतो, फोन गाडीत असतो. पण मेसेज गेला होता, दोन खुणा दिसत होत्या. केतकीने लॅपटॉप मिटला. आपल्या बाजूने झालं, असं तिला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं.

शनिवारी ती बाबांकडे जेवायला जायची. मेट्रो दिल्लीत भुयारात शिरली, खिडकीबाहेर अंधार झाला, आणि काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत राहिला. चौतीस म्हणजे आपल्याहून लहान. चौथा मजला म्हणजे बायकांचा जनरल वॉर्ड. ताप असेल, किडनीचं इन्फेक्शन असेल. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने तिला आपल्या सुनेबद्दल सांगितलं असेल. कुणीतरी सफरचंद कापून देत असेल. तिचा हात पालथा गादीवर असेल, त्यात सुई टोचून ठेवलेली, वरून पांढरी पट्टी. केतकीने फोन पाहिला. काही नाही. भुयारात रेंज नसते. हौज खासला गाडी बदलताना पाहिला. काही नाही. काम सुरळीत झालं की डेस्कवाले कळवायला विसरतात, हेही तिला माहीत होतं. आजवर कितीतरी टिकिटांचं पुढे काय झालं हे तिला कधी कळलं नव्हतं, आणि आजवर कुठे काही बिघडलं होतं?

बाबा, म्हणजे श्रीरंग, केंद्र सरकारातून निवृत्त झालेले, मुनिरकात, दिल्लीच्या विकास प्राधिकरणाने बांधलेल्या डीडीए फ्लॅटात, एकटे राहत. आईला, कुमुदला, जाऊन पाच वर्षं झाली होती. बाबा रोज सकाळी केतकीला फुलांच्या चित्राचा सुप्रभात पाठवत, केतकी अंगठा पाठवी, आणि दोघांचा दिवस सुरू होई. आज त्यांनी मुगाची खिचडी आणि कढी केली होती. पानं घ्यायच्या आधी ती हात धुवायला गेली, तर न्हाणीघराच्या छतावर टोपलीएवढा ओला डाग, पोपडे लोंबताहेत, आणि खाली बादली. बादली भरत आली होती.

‘बाबा, हे काय? गेल्या वेळी एवढंसं होतं.’

‘अगं, सोसायटीच्या ऑफिसात कंप्लेंट केलीय,’ ते आतून समाधानाने म्हणाले. ‘आता सगळं ऑनलाइन आहे, बिल्कुल वशिला लागत नाही. नंबर आलाय.’

‘पण आलं का कोणी बघायला?’

‘येतील. नंबर आलाय म्हटलं ना.’

ते फोन घेऊन आले आणि तिच्यासमोर धरला. आपला निरोप मिळाला आहे. खाली नंबर. छतावरून एक थेंब सुटला, बादलीत पडला, आणि केतकीचे ओले हात हवेत तसेच राहिले. मिळाला आहे. कुणाला मिळाला आहे? शनिवारी दुपारी त्या डेस्कवर कोण बसतं, एखादं माणूस तरी बसतं का, हे आपल्याला ठाऊक नाही. आपण विचारलंच नाही. आपण रिकामी यादी धरली आणि मेट्रोत बसलो. बाबा म्हणत होते, कढी निवते आहे, केतू, बस आधी. ती हॉस्पिटलचा नंबर शोधत होती. बोटं ओली, काचेवर चालेनात. तिने हात ओढणीला पुसले.

आधी संगीत लागलं. मग एक दाबा, दोन दाबा. मग कुणीतरी चौथा मजला जोडून दिला, तिथे बराच वेळ घंटी वाजत राहिली. सिस्टरने उचलला तेव्हा मागे पळापळ ऐकू येत होती, चाकं, पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज. केतकीने एका दमात सांगितलं, खाट चार-बारा, पेनिसिलिन, इंजेक्शन देऊ नका.

‘लग गया मैडम,’ सिस्टर म्हणाली. ‘खाने के बाद ही लग गया। नीचे आईसीयू में ले जा रहे हैं अभी।’ मग फोन तोंडापासून दूर धरून ती कुणालातरी ओरडून म्हणाली, सर, पेनिसिलिन बोल रही हैं कोई. पलीकडे कुणीतरी काहीतरी म्हणालं. सिस्टर परत आली. तिचा आवाज आता वेगळा होता. ‘आप कौन बोल रही हैं? पेशंट की कौन लगती हैं आप?’

केतकीने उत्तर देण्याआधीच फोन ठेवला गेला, की लाइन तुटली, कोण जाणे. बाबा दारात उभे होते. काय झालं, त्यांनी विचारलं. ‘माझ्या कामात...’ ती म्हणाली आणि चपला घालू लागली. त्यांनी तिची पर्स आणून हातात दिली, आणि पोचलीस की फोन कर असं म्हणाले. मग जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, मेसेज नको, फोन कर.

हॉस्पिटल दिल्लीतल्याच द्वारकेच्या बाजूला होतं. कॅब विमानतळाच्या रस्त्याला लागली तेव्हा सुधन्वाचा फोन आला. त्याच्या मागे पाण्याचा, पोरांचा गलका होता.

‘केतकी, टिकिट आत्ता पाहिलं मी. ते... डेस्कने बाजूला ठेवलंय.’

‘म्हणजे?’

‘अगं, टेस्ट चालू असताना खोटे अलार्म येतात ना. मीच सकाळी सांगितलं होतं त्यांना, की आजच्या टेस्टचं नाव असलेलं काहीही आलं तर सोमवारी बघा.’ मागे कुणीतरी पाण्यात उडी मारली. ‘तू नाव घातलंस.’

हो, तिने नाव घातलं होतं. रिकामा सोडला असता तो रकाना, तर कुणीतरी वाचलं असतं. अर्धवट, गबाळं, घाईत लिहिलेलं टिकिट पोचलं असतं. केतकीला बाहेर एका मागोमाग एक जाणारे विजेचे खांब दिसत होते, आणि प्रत्येक खांबागणिक तिला तो रकाना दिसत होता, स्वच्छ भरलेला. तिने सुधन्वाला इंजेक्शनचं सांगितलं. गलका एकदम दूर गेला. तो उठून आडोशाला गेला असावा. मग तो हळू बोलू लागला, अगदी समजुतीने. डॉक्टर तिथे आहेत, ते करतील जे करायचं ते. हॉस्पिटलला कंपनीकडून काय कळवायचं ते लीगल ठरवेल. आपल्या सिस्टिमने तर जसं चालायला हवं तसंच काम केलं, कुठेच काही पडलं नाही. तू तिकडे जाऊ नकोस.

‘मी निघालेय.’

‘यार, ऐक. तू गेलीस म्हणजे कंपनी गेली. तू काही बोललीस म्हणजे कंपनी बोलली. सोमवारी मग मी तुझ्यासाठी काही करू शकणार नाही. आणि तू जाऊन होणार काय आहे तिथे? तुझ्यावाचून त्यांचं काही अडलंय का?’

‘नाही,’ केतकी म्हणाली. ते खरंच होतं. तिच्यावाचून कुणाचंच काही अडलं नव्हतं, सकाळपासून. तिने फोन बंद केला नाही, नुसता मांडीवर पालथा ठेवला. सुधन्वाचा आवाज थोडा वेळ मांडीतून येत राहिला.

आयसीयूबाहेरच्या पॅसेजमध्ये स्टीलच्या खुर्च्यांची रांग होती. तिथे फिनेलचा वास होता आणि कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीचा. दार उघडून एक वॉर्डबॉय डोकावला, चार-बारा वाले, म्हणाला, आणि एक माणूस ताडकन उठला. बारीक अंगाचा, ऑफिसला जायच्या कपड्यातला. वॉर्डबॉयने त्याच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली आणि दार लावून घेतलं. पिशवीत बायकी चपला होत्या, चष्मा होता. तो परत बसला. चपलांवर चष्मा दबतो आहे हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, मग तिथे तो वाकेल असं वाटून हातात धरला. केतकी त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसली. तिच्या गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच होतं, सकाळपासूनचं. त्याने ते बघितलं.

‘आप अंदर से हैं, मैडम?’

‘नहीं.’

त्याने मान हलवली. मग कुणाशीतरी बोलायलाच हवं असं होऊन तो बोलू लागला. सुरेखा नाव तिचं, त्याच्या बायकोचं. किडनीचा ताप, बाकी काही नाही. मंगळवारपर्यंत घरी, म्हणाले होते. हॉस्पिटलचं जेवण बेचव लागतं म्हणाली, म्हणून तिचं जेवण झाल्यावर तो रात्रीसाठी लोणच्याची पुडी आणायला खाली गेला. वर आला तर खाट रिकामी. तो एवढ्याशा वेळासाठी गेला होता. तिला कशाकशाची ॲलर्जी आहे ते भरती करतानाच लिहून दिलंय त्याने, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणून ती काळजी नाही. लोणच्याची पुडी अजून त्याच्या वरच्या खिशात होती. तेल कागदातून शर्टावर उतरलं होतं.

‘अभी तक किसी ने कुछ बताया नहीं,’ तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच हिशेब जमवल्यासारखं : ‘मतलब ठीक ही होगी। कुछ होता तो बताते ना.’

केतकीच्या पर्समध्ये फोन थरथरत होता. सुधन्वा असेल, बाबा असतील, चेन्नईहून परतला असेल तर पाटी कोरी बघून अनुरागही असेल. समोरच्या बंद दारावरच्या गोल काचेतून आतला उजेड दिसत होता, हलणारं काही दिसत नव्हतं. ती उठून मधल्या रिकाम्या खुर्चीवर त्याच्या शेजारी बसली.

‘नहीं,’ ती म्हणाली. ‘ऐसा नहीं है।’

आणि पुढचं सगळं सांगायला तो तिच्याकडे पुरता वळेपर्यंत ती थांबली.